फोल्डर सगळ्यांना, ॲडमिनचा पासवर्ड कोणालाच नाही



तुमच्या शाळेत संगणक कक्ष असेल तर एकदा तिथल्या भिंतीवर, मॉनिटरच्या कडेला किंवा कीबोर्डच्या खाली बघा. बऱ्याच ठिकाणी चिकटपट्टीने लावलेला एक कागद सापडेल. त्यावर लिहिलेलं असतं, युजर ॲडमिनिस्ट्रेटर आणि खाली पासवर्ड. पासवर्ड म्हणजे बहुधा गावाचं नाव आणि पुढे एक-दोन-तीन. कोणी वाईट हेतूने हा कागद लावत नाही, सोय म्हणून लावतात. आणि विचारलं की उत्तर ठरलेलं असतं, "मॅडम, त्याशिवाय शेअर फोल्डर उघडतच नाही."

आज मला या एका वाक्याबद्दल लिहायचंय. कारण ते खरं नाही. आणि ते खरं मानल्यामुळे आमच्या शाळेत एका मुलाला जे सोसावं लागलं, ते मला अजून विसरता आलेलं नाही.

मी काही संगणकतज्ज्ञ नाही. डीएड झाले, एमएस-सीआयटी आपण सगळ्यांनीच केलंय तसं मीही केलं, बाकी जे शिकले ते अडलं म्हणून शिकले. बदली होऊन या शाळेत आले तेव्हा संगणक कक्ष आधीच उभा होता. गावाने लोकवर्गणी काढून आठ जुने संगणक घेतलेले. सहांवर विंडोज १० प्रो. उरलेले दोन इतके जुने की त्यांच्यावर विंडोज रांगायचं, म्हणून उबंटू टाकलेलं. कार्यालयातला एक संगणक जरा बरा, त्याच्यावर 'शाळा' नावाचा फोल्डर शेअर केलेला. सगळ्यांना केबलने जोडणारा एक स्विच. संगणक बसवून देणाऱ्या माणसाने प्रत्येक मशीनवर ॲडमिनिस्ट्रेटर हे मूळ खातं चालू केलं, सगळीकडे एकच पासवर्ड दिला, आणि कागद चिकटवून तो गेला. मुलं, शिक्षक, मुख्याध्यापक, सगळे त्याच एका नावाने बसायचे. फोल्डर उघडायचा. काम चालायचं.

सातवीतली एक मुलगी त्या वर्षी आजीकडून ऐकलेल्या जात्यावरच्या ओव्या टाइप करत होती. दिवाळीनंतर सुरुवात केली होती. आठवड्याला दोन तासिका, एका बोटाने टायपिंग, जोडाक्षरं शोधण्यात निम्मा वेळ जायचा. फेब्रुवारीपर्यंत सत्तरच्या वर ओव्या झाल्या. 'शाळा' फोल्डरमध्येच तिची फाईल होती. एका शनिवारी सकाळी ती आली आणि फाईल नाही. रिसायकल बिन पाहिला, तिथेही नाही. आणि ती तिथे असणारच नव्हती. नेटवर्कवरच्या फोल्डरमधून दुसऱ्या संगणकावर बसून फाईल पुसली की ती कुठल्याच रिसायकल बिनमध्ये जात नाही, थेट जाते. ही गोष्ट प्रत्येक शिक्षकाला माहीत असायला हवी, म्हणून मुद्दाम सांगतेय.

मग चौकशी सुरू झाली. आदल्या दिवशी शेवटच्या तासाला सहावीचा वर्ग कक्षात होता. सहावीत एक मुलगा आहे, हुशार पण खोडकर. कुठलंही बटण दाबून बघणारा. सगळ्यांच्या नजरा त्याच्याकडे गेल्या. तो म्हणाला, "मी नाही केलं." कोणी ऐकलं नाही. मुलांनी त्याला चिडवलं, मोठ्यांनीही दोन शब्द सुनावले. सोमवारी त्याची आई कामाचा खाडा करून शाळेत आली. व्हरांड्यात उभी राहून तिने मला एवढंच विचारलं, "बाई, कंप्युटरमध्ये सगळं दिसतं म्हणतात ना? मग बघा की, कुणी केलंय."

प्रश्न इतका सरळ होता. पण संगणकात काय दिसणार? त्याच्या लेखी त्या फोल्डरमध्ये जे काही झालं ते एकाच माणसाने केलं होतं, त्याचं नाव ॲडमिनिस्ट्रेटर. सहावीचा मुलगा तोच, सातवीची मुलगी तीच, आम्ही शिक्षकही तेच. कोण कधी काय उघडतं, पुसतं याची नोंद विंडोजला ठेवता येते, ती सोय आमच्याकडे चालू नव्हती. पण चालू असती तरी तिथे तेच एक नाव आलं असतं. त्या मुलाने केलं असं कोणी दाखवू शकत नव्हतं, आणि केलं नाही हेही तो दाखवू शकत नव्हता. सगळ्यांचं नाव एकच असलं की ठपका कोणावर येतो? ज्याच्यावर आधीपासून डोळा असतो त्याच्यावर. पुढचे कितीतरी दिवस तो संगणकाच्या तासाला कक्षात आलाच नाही, बाहेर पायरीवर बसायचा.

शाळेत असं काही घडलं की पहिला उपाय एकच सुचतो, कुलूप. तीन आठवडे कक्ष बंद राहिला. त्या तीन आठवड्यांत मी या विषयाच्या मागे लागले.

सगळ्यात आधी मला हे समजून घ्यायचं होतं की साध्या खात्यातून फोल्डर खरंच का उघडत नाही. आणि जे कळलं ते कळल्यावर मी स्वतःशीच हसले. ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून बसलं की फोल्डर उघडायचा, तो अधिकार मोठा होता म्हणून नव्हे. दोन्ही संगणकांवर नाव आणि पासवर्ड तंतोतंत सारखे होते म्हणून! विंडोजमध्ये आपण दुसऱ्या संगणकावरचा शेअर फोल्डर उघडायला गेलो की आपला संगणक आधी आपण ज्या नाव-पासवर्डने बसलोय तेच पुढे करतो. पलीकडच्या संगणकावर त्याच नावाचं, त्याच पासवर्डचं खातं असलं की काही न विचारता दार उघडतं. हे खातं ॲडमिनचं असो की अगदी साधं, नियम तोच.

म्हणजे बघा, फोल्डर ज्या संगणकावर आहे तो ठरवतो कोणाला आत घ्यायचं. आपण कक्षातल्या आपल्या संगणकावर राजा आहोत की रंक, याच्याशी कार्यालयातल्या संगणकाला काहीच देणंघेणं नसतं. लग्नाला दुसऱ्या गावी गेल्यावर आपण आपल्या गावचे सरपंच आहोत म्हणून काही पंगतीत आधी पान वाढत नाहीत, आमंत्रण आहे का ते बघतात. तसंच हे.

मग साधी खाती का अडायची? आमच्याकडे दोन कारणं निघाली. एक म्हणजे मुलांसाठी पूर्वी कोणीतरी 'विद्यार्थी' नावाचं खातं केलं होतं, पण त्याला पासवर्डच नव्हता. लहान मुलं, कुठे लक्षात ठेवतील म्हणून रिकामा ठेवलेला. विंडोज मुळातच रिकाम्या पासवर्डच्या खात्याला नेटवर्कवरून आत येऊ देत नाही, फक्त त्या संगणकासमोर बसून वापरू देते. त्यामुळे त्या खात्यातून फोल्डर कधीच उघडला नसता.

दुसरं कारण जास्त फसवं आहे. शेअर फोल्डरला एक नाही, दोन कुलपं असतात. एक शेअरचं, म्हणजे नेटवर्कवरून कोण येऊ शकतं ते. दुसरं डिस्कवरच्या फोल्डरचं स्वतःचं, प्रॉपर्टीजमध्ये 'सिक्युरिटी' या टॅबखाली दिसतं ते. शाळेचं फाटक आणि वर्गाचं दार, असं समजा. फाटक सताड उघडं असलं तरी वर्गाला कुलूप असेल तर तुम्ही बाहेरच. दोन्हींपैकी जे कडक तेच लागू होतं. आमच्याकडे शेअरमध्ये 'एव्हरीवन'ला पूर्ण परवानगी दिलेली होती, पण सिक्युरिटीमध्ये साध्या खात्यांना काहीच नव्हतं, ॲडमिनिस्ट्रेटरला मात्र होतं. मग साध्या खात्यातून "ॲक्सेस डिनाइड" यायचं, वैतागून कोणीतरी ॲडमिनने बसायचं, उघडायचं, आणि निष्कर्ष निघायचा की ॲडमिनच लागतो. ताप उतरल्याचं श्रेय गोळीऐवजी अंगाऱ्याला द्यावं, त्यातला प्रकार.

गंमत म्हणजे ॲडमिन अधिकार कधीकधी उलट अडचणच करतात. नेटवर्कवरचा फोल्डर 'झेड' ड्राइव्ह म्हणून जोडून ठेवला आणि मग एखादा प्रोग्रॅम 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर' करून उघडला, तर त्या प्रोग्रॅमला झेड ड्राइव्ह सहसा दिसतच नाही. कारण ती जोडणी साध्या ओळखीने केलेली असते आणि प्रोग्रॅम वेगळ्या ओळखीने चाललेला असतो. आमच्या एका सरांनी यावर एक अख्खी दुपार घालवलीय.

हे सगळं मुख्याध्यापक सरांना सांगायला गेले तेव्हा ते म्हणाले, "मॅडम, चाललंय ना, कशाला छेडायचं? फार तर कक्ष तुमच्या देखरेखीखाली उघडू." त्यांचंही चूक नव्हतं, त्यांच्यामागे शंभर कामं. मी त्यांना म्हटलं, सर, पाच मिनिटं कक्षात या. मुलांच्या पाच नंबरच्या संगणकावर कागदावरच्याच पासवर्डने बसले, आणि पत्त्याच्या जागी कार्यालयातल्या संगणकाचं नाव, मग 'सी' आणि डॉलरचं चिन्ह टाइप केलं. कार्यालयातल्या संगणकाचा अख्खा सी ड्राइव्ह समोर उघडला. विंडोज प्रत्येक ड्राइव्हसाठी असा एक छुपा शेअर आपोआप ठेवते, फक्त ॲडमिनसाठी. आणि आपल्याकडे तर सहावी-सातवीची सगळी मुलं ॲडमिन! त्यातल्याच एका फोल्डरमध्ये शिष्यवृत्तीची यादी होती. मुलांची पूर्ण नावं, आधार क्रमांक, पालकांचे बँक खाते क्रमांक. सर काही बोलले नाहीत. खिशातून चष्मा काढला, लावला, यादी पुन्हा वाचली, आणि म्हणाले, "काय करायचं ते करा. शनिवारी मीही थांबतो."

पालकांनो, हा मुद्दा तुमच्यासाठी आहे. शाळेत मुलांची जी माहिती संगणकावर असते ती कोणाकोणाला दिसते, हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालच्या प्रत्येकाला बालक धरलंय आणि बालकांच्या माहितीबाबत जास्तीची काळजी सांगितलीय. कायदा राहू द्या बाजूला, पण तुमचा खाते क्रमांक गावातल्या कुठल्याही मुलाला दोन क्लिकवर दिसावा असं तुम्हाला वाटेल का?

मग दोन शनिवार दुपारी बसून आम्ही व्यवस्था बदलली. सकाळची शाळा सुटली की डबा खाऊन कामाला. ॲडमिन अधिकार या कामाला लागतात, पण एकदाच, व्यवस्था लावणाऱ्याला. वापरणाऱ्याला नाही.

कार्यालयातल्या संगणकावर सहावी-सातवीच्या अडतीस मुलांची अडतीस साधी खाती केली. शिक्षकांची वेगळी, तीही साधीच. 'मुले' आणि 'शिक्षक' असे दोन गट केले, म्हणजे परवानगी गटाला द्यायची, नवीन कोणी आलं की फक्त गटात नाव घालायचं. 'शाळा' शेअरला दोन्ही गटांना 'चेंज' इतकी परवानगी. बारीक काम सिक्युरिटी टॅबमध्ये केलं. प्रत्येक मुलाचा स्वतःच्या नावाचा फोल्डर, त्यात तो मुलगा आणि शिक्षक एवढेच लिहू शकतात, बाकी मुलं वाचू शकतात. 'सर्वांसाठी' नावाचा एक फोल्डर, त्यात शिक्षक ठेवतात, मुलं फक्त वाचतात. शिक्षकांना 'मॉडिफाय' दिलं, 'फुल कंट्रोल' नाही. फुल कंट्रोलमध्ये परवानग्या बदलायचाही अधिकार जातो, आणि तो रोजच्या कामात कोणाला लागतो? शिष्यवृत्ती, दाखले, पगार वगैरे कार्यालयीन कागद या शेअरमधून पूर्ण बाहेर काढले. एका सरांनी सुचवलं होतं की शेअरच्या नावापुढे डॉलर लावून ते नुसतं लपवू या. पण लपवलेल्या शेअरचं नाव ज्याला माहीत आहे तो सरळ टाइप करून जातो. ताट झाकून ठेवलं म्हणून मांजर येत नाही असं थोडंच आहे.

कक्षातल्या सहाही संगणकांवर मुलांसाठी एकच साधं खातं ठेवलं, पण ते मुद्दाम असं की कार्यालयातल्या संगणकावर त्या नावाचं खातं नाही. त्यामुळे फोल्डर उघडायला गेलं की तो नाव आणि पासवर्ड विचारतो, आणि मुलगा स्वतःचं नाव घालतो. 'पासवर्ड लक्षात ठेवा' या चौकोनात टिक करायची नाही आणि तास संपला की साइन आउट करायचं, एवढे दोन नियम. दुसरा नियम फार महत्त्वाचा आहे. एका बैठकीत एकाच संगणकाशी दोन वेगळ्या नावांनी जोडणी विंडोज करू देत नाही, एरर दाखवते. आधीचा मुलगा साइन आउट न करता उठला तर पुढची मुलगी त्याच्याच नावाने काम करत बसेल, किंवा स्वतःचं नाव घालायला गेली तर अडेल.

पासवर्ड मुलांनीच ठरवले. निम्म्या वर्गाने एकाच क्रिकेटपटूचं नाव घातलं, ते बदलायला लावावं लागलं. एकीने वहीच्या पुठ्ठ्यावर पासवर्ड लिहून त्याला फुलांची नक्षी काढली होती. भाषेच्या तासाला मग 'परवलीचा शब्द' यावर छान गप्पा झाल्या. गडाचं दार, पहारेकरी, रात्रीचा शब्द, मुलांना हे सांगावं लागत नाही, किल्ल्यांच्या गोष्टी ऐकूनच ती मोठी झालेली असतात. चौथी-पाचवीला मात्र अजून वर्गाचं एकच खातं आहे. त्या वयाला तेवढं पुरे, असं माझं मत.

नावं टाइप करून संपत आली होती तेव्हा तो सहावीतला मुलगा दारात येऊन उभा राहिला. आत आला नाही. तिथूनच विचारलं, "बाई, माझ्या नावाचं पण हाय का?" मी यादी त्याच्या हातात दिली. त्याने स्वतःचं नाव शोधलं, मग बाकीची सगळी नावं वाचत बसला. दोन आडनावांची स्पेलिंगं चुकलेली त्यानेच काढून दिली.

उबंटूच्या दोन संगणकांची गोष्ट थोडी वेगळी. तिथे 'माउंट' नावाच्या कमांडने नेटवर्कचा फोल्डर जोडायला गेलं की संगणक सांगतो, हे फक्त रूट, म्हणजे तिथला सर्वाधिकारी, करू शकतो. म्हणून पूर्वी मुलांच्या खात्यालाच 'सुडो'चे अधिकार देऊन ठेवलेले होते. म्हणजे मुलाला ओव्यांची फाईल उघडायची, आणि त्यासाठी त्याच्या हातात अख्खा संगणक पुसण्याची ताकद. खरं तर त्याची गरजच नव्हती. उबंटूच्या 'फाइल्स' या प्रोग्रॅममध्ये 'अदर लोकेशन्स'मध्ये जाऊन सर्व्हरचा पत्ता एसएमबी, अपूर्णविराम आणि दोन तिरप्या रेघा असा सुरू करून लिहिला की साध्या खात्यालाही फोल्डर उघडता येतो, नाव-पासवर्ड तिथेच विचारतो. 'लगेच विसरा' असा पर्यायही असतो. दुसराही मार्ग आहे, सर्वाधिकाऱ्याने एका सेटिंगच्या फाईलमध्ये एकदाच ओळ लिहून ठेवायची म्हणजे संगणक सुरू होताना फोल्डर आपोआप जोडला जातो. पण तो एकाच नावाने जोडला जातो, म्हणजे आम्ही पुन्हा होतो तिथेच. म्हणून पहिला मार्ग घेतला. त्यात एक कटकट आहे, काही प्रोग्रॅमना असा फोल्डर नीट दिसत नाही. मुलं फाईल आधी डेस्कटॉपवर घेतात, काम करतात आणि परत फोल्डरमध्ये टाकतात. परत टाकायला विसरतात तेव्हा आरडाओरडा होतो, तो मी ऐकून घेते.

आता ज्येष्ठ सरांबद्दल. निवृत्तीला दोन वर्षं राहिलेले आमचे एक सर आहेत. त्यांचं खातं साधं झालंय हे कळल्यावर ते दुखावले. "इतकी वर्षं नोकरी झाली, आता मी स्टँडर्ड युजर?" असं म्हणाले. शब्दच तसा आहे, काय करणार. आपल्याकडे अधिकार म्हटलं की मान आला. कपाटाची किल्ली कोणाच्या कमरेला आहे यावर घरातलं स्थान ठरायचं, तेच इथे. त्यात पूर्वीच्या सवयीचाही भाग आहे. आपण सगळे ज्या विंडोज एक्सपीवर शिकलो तिथे संगणक घेतल्यावर पहिलं केलेलं खातं ॲडमिनचंच असायचं आणि घरोघरी तेच वापरलं जायचं. पुढे व्हिस्टापासून विंडोजने मधे थांबवून परवानगी विचारायला सुरुवात केली, तर लोकांना त्याचाच राग यायचा.

मी सरांना म्हटलं, "सर, मीपण रोज साध्याच खात्याने बसते. मुख्याध्यापक सरही. ॲडमिनचा पासवर्ड नवीन केलाय, तो सीलबंद पाकिटात कार्यालयाच्या कपाटात आहे. नवीन प्रोग्रॅम टाकायचा असेल, प्रिंटर बसवायचा असेल तेव्हाच ते फोडायचं, काम झालं की पासवर्ड बदलून नवीन पाकीट. वर तारीख आणि सही." वर्षभरात ते चारदा उघडलं. सरांसाठी एक नंबरच्या संगणकावर त्यांच्या नावाचं खातं केलं, कार्यालयातल्या संगणकावरही त्याच नावाचं, त्याच पासवर्डचं. वर सांगितलं तसं दोन्ही जुळतात, त्यामुळे त्यांना काही विचारलंच जात नाही. झेड ड्राइव्ह जोडून दिला, डेस्कटॉपवर 'माझा वर्ग' असा शॉर्टकट. पूर्वी ते फोल्डर सापडला नाही की कोणातरी तरुण शिक्षकाला हाक मारायचे आणि हाक मारताना अवघडायचे. आता मारत नाहीत. परवा तर त्यांनीच एका नवीन शिक्षिकेला समजावलं, "पासवर्ड मागू नका, तुमच्या नावाचं खातं मागा."

संगणकशास्त्रात ही कल्पना जुनी आहे. जेरोम सॉल्टझर आणि मायकेल श्रोडर या दोघांनी १९७५ च्या एका लेखात ती मांडून ठेवलीय, की प्रत्येक माणसाला आणि प्रत्येक प्रोग्रॅमला कामापुरतेच अधिकार असावेत. त्या काळी मोठमोठे संगणक अनेक जण वाटून वापरायचे. आपल्या शाळांची स्थिती बघितली तर आपणही तेच करतोय, फक्त संगणक लहान आहे.

कोणी म्हणेल, व्हायरसचं काय? पेनड्राइव्हमधून येणारा शॉर्टकटचा व्हायरस आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा आहे. साध्या खात्याला तो लागला तर त्या खात्याला जिथे लिहिता येतं तेवढंच त्याला बिघडवता येतं. ॲडमिनला लागला तर सगळ्या मशीनभर. पण साधं खातं म्हणजे कवचकुंडलं नाहीत हेही सांगते. १२ मे २०१७ ला वॉनाक्राय नावाच्या खंडणीखोर प्रोग्रॅमने जगभर धुमाकूळ घातला, ब्रिटनमधली सरकारी रुग्णालयंसुद्धा त्यात अडकली. तो याच फाईल-शेअरिंगच्या जुन्या पद्धतीतल्या, एसएमबीच्या पहिल्या आवृत्तीतल्या, फटीतून शिरला, आणि समोर बसलेला माणूस ॲडमिन आहे की नाही याची त्याला फिकीर नव्हती. मायक्रोसॉफ्टने ती फट बुजवणारी अपडेट दोन महिने आधीच, १४ मार्चला, दिली होती. म्हणून अपडेट करा, आणि जुना प्रिंटर किंवा जुनं मशीन चालावं म्हणून कोणी "एसएमबी वन चालू करा" असं सुचवलं तर नाही म्हणा. विंडोज १० च्या नेहमीच्या मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबल्या, त्यामुळे आमच्या सहा संगणकांचं काय करायचं हा प्रश्न आता उभा आहेच. बहुतेक तेही उबंटूवर जातील.

परवानग्यांनी बॅकअपचं काम होत नाही, हेही राहिलंच. दर शनिवारी 'शाळा' फोल्डरची नक्कल बाहेरच्या हार्ड डिस्कवर घेतो आणि डिस्क काढून कपाटात ठेवतो. जोडून ठेवलेली डिस्क म्हणजे बॅकअप नव्हे. शालेय मंत्रिमंडळात यंदा मुलांनी 'संगणकमंत्री' असं नवीन पद काढलं, शनिवारची आठवण करून देणं हे त्याचं काम. कोण झालं ते तुम्ही ओळखलं असेलच.

ओव्यांची ती फाईल कोणी पुसली हे शेवटपर्यंत कळलं नाही. मुलीने आजीला पुन्हा बसवलं. पहिल्या खेपेच्या सगळ्या ओव्या आल्या नाहीत, काही नव्याच आल्या.

आता मे महिना संपत आलाय. सातवीची मुलं दाखले घेऊन शेजारच्या गावच्या हायस्कूलला जातील. ती गेली की त्यांची खाती बंद करायची, पण त्याआधी प्रत्येकाचा फोल्डर त्याला पेनड्राइव्हवर द्यायचा असं ठरवलंय. अडतीसपैकी एकोणीस जण जाणार, पाचवीतून एकवीस येणार. त्यांच्या नावांची यादी करून ठेवलीय, या वेळी स्पेलिंगं आधी तपासून घेतलीत.